बिनघोड्यांची बग्गी

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून आता विजेवर चालणाऱ्या बसगाड्या धावतात. त्यांच्या मागे धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. थांब्यावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाला गाडी येऊन ठेपल्याची चाहूलही लागत नाही. अशी गाडी म्हणजे अगदी अलीकडची करामत असे कोणालाही वाटेल. परंतु रुळांवाचून, साध्या रस्त्यावर, विजेच्या बळाने माणसे वाहून नेण्याचा प्रयोग इ. स. १८८२ मध्येच जर्मनीत, बर्लिन शहराच्या वेशीजवळ झाला होता. तो करणाऱ्या पुरुषाचे नाव वेर्नर सीमेन्स.

वेर्नरचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी हॅनोव्हर शहरानजीकच्या लेन्टे या खेड्यात झाला. वडील दुसऱ्यांच्या जमिनी खंडाने कसणारे शेतकरी होते. घरची संपत्ती बेताची आणि लेकरे मात्र पुष्कळ. आईने चौदा अपत्यांना जन्म दिला. त्यांतील काही बाल्यातच दगावली.

वेर्नर पाच वर्षांचा होता, त्या वेळची गोष्ट. त्याची थोरली बहीण माटिल्डे विणकाम शिकण्यासाठी गावच्या धर्मोपदेशकांच्या घरी जात असे. एके दिवशी ती रडतच परत आली. धर्मोपदेशकांच्या अंगणात एक दांडगा पाळीव हंस होता. तो मान ताणून, फुसफुसत तिची वाट अडवी. काही केल्या ती एकटी जाण्यास तयार होईना. तेव्हा वडिलांनी आपली काठी वेर्नरच्या हाती दिली. ती काठी त्याच्याहून उंच होती! बहिणीला पोहोचवून ये, हंस अंगावर आला तर मागे फिरू नकोस, सरळ पुढे जाऊन काठी चालव, म्हणजे तोच पळेल, असे त्यांनी त्याला बजावले. फाटक उघडताच हंस धावून आला. बहीण किंचाळून मागे वळली. वेर्नरच्याही मनात पळून जावे असे आले. पण वडिलांच्या शब्दावर भरवसा ठेवून त्याने डोळे मिटले, काठी गरगरा फिरवली आणि तो पुढे सरसावला. हंस कलकलाट करीत आपल्या कळपात पळाला. सत्तरी उलटल्यावर आत्मचरित्र लिहिताना सीमेन्स यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदविला आहे.

पुढे हे कुटुंब मेक्लेनबुर्ग प्रांतात राहावयास गेले. शिक्षणासाठी वेर्नरला ल्यूबेक येथील शाळेत धाडण्यात आले. तेथे प्राचीन भाषांच्या व्याकरणात त्याचे मन रमेना. गणित मात्र त्याला फार आवडे. वास्तुविद्या शिकण्याची त्याची इच्छा होती, पण बर्लिनच्या विद्यालयाचा खर्च वडिलांना झेपण्यासारखा नव्हता. प्रशियाच्या सैन्यात भरती झाल्यास शास्त्राचे शिक्षण फुकट मिळते, असे त्याला कळले. मग १८३४ मध्ये तो घर सोडून निघाला आणि माग्डेबुर्ग येथील तोफखान्यात दाखल झाला. तेथून त्याला बर्लिनच्या लष्करी विद्यालयात पाठविण्यात आले. तेथे तीन वर्षे त्याने गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांचा कसून अभ्यास केला.

शिक्षण संपवून वेर्नर अधिकारी झाले आणि लवकरच त्यांच्यावर संकट कोसळले. १८३९ च्या उन्हाळ्यात आई वारली. पाठोपाठ १८४० च्या जानेवारीत वडीलही गेले. त्या वेळी वेर्नर अवघे तेवीस वर्षांचे होते. धाकट्या भावंडांच्या पोटापाण्याचा आणि शिक्षणाचा भार त्यांच्यावर पडला. लष्करातील कनिष्ठ अधिकाऱ्याचा पगार तो किती! त्यात एका माणसाचे जेमतेम भागे. काही नवे शोधून काढावे आणि ते विकून भावंडांना वाढवावे, एवढाच मार्ग त्यांना दिसत होता. विद्येची आवड तर त्यांना होतीच. पण त्यांच्या हातांना वेग आला तो या गरजेमुळे, हे विसरून चालणार नाही.

याच सुमारास एक विलक्षण प्रकार घडला. दोन अधिकाऱ्यांच्या द्वंद्वयुद्धात वेर्नर एका मित्राचे साहाय्यक म्हणून उभे राहिले. द्वंद्वयुद्धाला कायद्याने बंदी होती. वेर्नर यांना पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली आणि माग्डेबुर्गच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. वेर्नर यांनी गावातून रसायने मागवून कोठडीतच एक छोटीशी प्रयोगशाळा थाटली. विजेच्या साहाय्याने एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढविता येईल, असे त्यांना वाटत होते. त्यांनी एक साधा चमचा द्रावणात बुडविला, त्यातच एक सोन्याचे नाणे ठेवले आणि दोहोंना विद्युत्‌घटाच्या तारा जोडल्या. काही मिनिटांतच चमचा सोन्यासारखा झळकू लागला! एका जवाहिऱ्याने ही कृती चांगली किंमत देऊन विकत घेतली.

प्रयोग असे रंगात आले असतानाच, महिनाही पुरता झाला नसेल, राजाने त्यांना माफी दिली. वेर्नर यांना आनंद होण्याऐवजी चिंताच वाटली. बाहेर गेल्यावर असा निवांतपणा कोठून मिळणार? आणखी काही दिवस कोठडीतच राहू द्यावे, असा अर्ज त्यांनी केला. राजाच्या कृपेचा हा अपमान होय, असे किल्लेदाराला वाटले आणि त्याने मध्यरात्रीच त्यांना किल्ल्याबाहेर काढले. पुढे धाकटा भाऊ विल्हेल्म मुलाम्याची ही युक्ती घेऊन इंग्लंडला गेला. तेथे ती विकली गेली आणि भावंडांचा प्रश्न काही काळ तरी सुटला.

त्या काळी तारायंत्र नवे होते. वेर्नर यांनी चिरुटांच्या रिकाम्या खोक्यांची लाकडे, पत्र्याचे तुकडे आणि तांब्याची तार एवढ्यावर एका सुधारलेल्या तारायंत्राचा नमुना तयार केला. योहान हाल्स्के नावाच्या कुशल कारागिराला तो पटला. एका चुलतभावाने भांडवल दिले आणि १८४७ मध्ये बर्लिनमधील एका घराच्या मागील बाजूस दहा कामगारांनिशी सीमेन्स व हाल्स्के यांचा कारखाना सुरू झाला. जमिनीखालून नेलेल्या तारांतील वीज ओलाव्यामुळे वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे अखंड वेष्टन तारेवर चढविण्याचे यंत्र केले. १८४९ मध्ये बर्लिन आणि फ्रांकफुर्ट ही शहरे त्यांच्या तारेने जोडली गेली. त्याच वर्षी त्यांनी लष्कराची नोकरी सोडली.

या कारखान्याचा आपल्या देशाशीही संबंध आला. लंडनहून हिंदुस्थानात तार पाठविणे त्या वेळी फार कठीण असे. सीमेन्स बंधूंनी जर्मनी, रशिया आणि इराण या देशांतून थेट तेहरानपर्यंत तार नेली. तेथून पुढे ती इंग्रज सरकारच्या तारांना जोडण्यात आली. १८७० मध्ये लंडनहून निघालेला संदेश सुमारे अकरा हजार किलोमीटर अंतर तोडून २८ मिनिटांत कलकत्त्याला पोहोचला.

परंतु वेर्नर यांची सर्वांत मोठी कामगिरी त्याआधीची, १८६६ ची आहे. ती नीट समजून घेतली पाहिजे. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरविले म्हणजे तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. पण त्यासाठी वापरीत ते पोलादी चुंबक दुबळे असत. त्यांपासून दिवे लावण्याइतकी किंवा यंत्रे फिरविण्याइतकी वीज स्वस्तात मिळत नसे. वेर्नर यांनी पोलादी चुंबक काढून टाकला आणि त्याच्या जागी तारेने वेढलेले साधे मऊ लोखंड बसविले. अशा लोखंडात पूर्वीच्या चुंबकत्वाचा थोडासा अंश शिल्लक असतो. वेटोळे फिरू लागताच त्या अंशामुळे थोडीशी वीज निर्माण होते. हीच वीज त्यांनी लोखंडाभोवतीच्या तारेतून खेळविली. त्यायोगे लोखंडाचे चुंबकत्व वाढले, चुंबकत्व वाढल्याने वीज वाढली आणि विजेने पुन्हा चुंबकत्व वाढले. व्याज मुद्दलात मिळवावे आणि वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज यावे, तसाच हा प्रकार. या यंत्रास डायनॅमो म्हणतात. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आणखी दोघांना हीच युक्ती सुचली होती, तेव्हा श्रेय एकट्या वेर्नर यांना देणे न्यायाचे नाही. तथापि आता हवी तेवढी वीज स्वस्तात निर्माण करता येईल आणि ती माणसाची कामे करील, हे त्यांनी तत्काळ ओळखले आणि तसे जाहीरही केले.

वीज मुबलक मिळू लागली. मग तिच्यावर गाडी का चालू नये? १८७९ च्या मे महिन्यात बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात वेर्नर यांनी विजेची एक चिमुकली आगगाडी मांडली. आगगाडी म्हणावे तर तिच्यात आग मुळीच नव्हती! तीनशे मीटरच्या वर्तुळाकार रुळांवर ती एका वेळी अठरा माणसांना घेऊन फिरे. तिचा वेग पायी चालणाऱ्या माणसाहून फारसा अधिक नव्हता. पण लोकांची झुंबड उडाली. चार महिन्यांत सुमारे ८६ हजार लोक तिच्यात बसले. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे येथे विजेची ट्राम नेहमीसाठी सुरू झाली. तिची वीज रुळांतूनच जात असे. त्यामुळे रूळ ओलांडताना घोड्यांना झटके बसत आणि ते बुजत.

यावर उपाय म्हणजे वीज डोक्यावरील तारांतून आणणे. तसे झाले, तर मग रूळ तरी कशाला हवेत? हा विचार पुढे नेऊन वेर्नर यांनी एक साधी चारचाकी बग्गी घेतली, तिला विजेवर फिरणारी दोन यंत्रे बसविली आणि साखळ्यांनी ती मागच्या चाकांना जोडली. हालेन्झे येथे सुमारे ५४० मीटर लांबीच्या रस्त्यावर खांब रोवून दोन तारा ताणल्या. त्या तारांवरून आठ चाकांची एक छोटी गाडी घरंगळे. लवचीक दोरीसारख्या तारेने ती बग्गीला जोडलेली होती. बग्गी पुढे निघाली की कुत्र्याचे पिलू धन्यामागे ओढले जावे तशी ती गाडी वरून तिच्यामागे येई. २९ एप्रिल १८८२ रोजी ही बग्गी धावू लागली. दांडीला घोडे नाहीत, बाष्पयंत्र नाही, रूळ नाहीत, तरी गाडी चालते आहे, असे दृश्य बर्लिनकरांनी पाहिले. जगातील पहिली ट्रॉलीबस ती हीच.

पण १३ जूनला, अवघ्या दीड महिन्यात, हा प्रयोग थांबला. दोष यंत्राचा नव्हता. त्या वेळचे रस्ते खडबडीत, चाके टणक आणि हवा भरलेल्या रबरी धावा अजून प्रचारात आलेल्या नव्हत्या. गाडीला हादरे बसत. शिवाय तारा जेथवर, तेथवरच गाडी जाणार. मग रुळांवरील ट्राम त्याहून बरी. वीज बरोबर घेऊन जावी, तर शिशाच्या पत्र्यांचे विद्युत्‌संचय फार जड होते. पाहिले तर गाडी सिद्ध होती. रस्ता आणि विजेची शिदोरी सिद्ध नव्हती. बर्लिनमध्ये उंच खांबांवरून विजेची गाडी नेण्याची वेर्नर यांची योजनाही त्यांच्या हयातीत मंजूर झाली नाही. तशी गाडी १९०२ मध्ये सुरू झाली.

वेर्नर यांनी पैसा पुष्कळ मिळविला, पण तो सारा आपल्यापाशी ठेवला नाही. १८७२ मध्ये त्यांनी आपल्या कामगारांसाठी व त्यांच्या विधवा-मुलांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. शास्त्रीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघावी म्हणून त्यांनी मोठी देणगी दिली. ती संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली. ६ डिसेंबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

बग्गीची कथा मात्र तेथे संपली नाही. विजेच्या ट्रामा जगभर पसरल्या. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामा होत्या. १९०७ मध्ये त्यांच्या जागी विजेच्या ट्रामा आल्या. १९६२ ते १९७१ या काळात मुंबईच्या रस्त्यांवर ट्रॉलीबसही धावल्या. दोन तारा वर आणि रबरी चाके खाली, अशी त्यांची रचना हालेन्झेच्या बग्गीचीच होती. ज्या वर्षी त्या बंद झाल्या, त्याच १९७१ साली विद्युत्‌वाहकतेच्या एककाला सीमेन्स हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. रस्त्यांवर तोवर पेट्रोलचे व डिझेलचे राज्य पक्के झाले होते. पुढे १९९१ मध्ये लिथियमचे हलके विद्युत्‌संचय बाजारात आले आणि विजेला शिदोरी बरोबर घेऊन हिंडता येऊ लागले. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांवर बसगाड्या विजेवर आणल्या. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या दर पाच नव्या मोटारींपैकी एक तरी विजेची होती.

यांतील बहुतेक गाड्यांना वर तारा नाहीत. रात्री आगारात त्या ओळीने उभ्या राहतात, त्यांना जाड तार जोडली जाते आणि वीज भरू लागते. ती वीज जेथून येते, त्या मोठ्या वीजगृहांतील जनित्रांत आजही बहुधा पोलादी चुंबक नसतो; तारेने वेढलेले लोखंडच असते.