तो डॉक्टर नव्हता, तरी कुत्रा चावला की लोक त्याच्याकडेच धावायचे

कुत्रा चावला की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. घरातल्या मोठ्या माणसांकडून ही धमकी ऐकली नाही असा माणूस सापडणं कठीण. त्या इंजेक्शनांची गोष्ट सुरू होते फ्रान्समधल्या एका कातडी कमावणाऱ्याच्या घरात.

लुई पाश्चर यांचा जन्म 27 डिसेंबर 1822 चा, दोल गावातला. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी राहायला गेलं. लुई आठ-नऊ वर्षांचा असताना त्या भागात एक पिसाळलेला लांडगा घुसला आणि दिसेल त्याला चावत सुटला. तेव्हा यावर एकच उपाय होता. लोहाराकडे जायचं आणि तापवलेल्या लोखंडाने जखम डागून घ्यायची. आर्ब्वातही तेच झालं. डागूनही अनेकजण तडफडून मेले.

हा मुलगा पुढे डॉक्टर झाला नाही, रसायनशास्त्रज्ञ झाला. वाईन का आंबते, दूध का नासतं, रेशमाचे किडे का मरतात, हे शोधता शोधता तो रोगजंतूंपर्यंत पोहोचला. दुधाच्या पिशवीवर आपण ‘पाश्चराइज्ड’ वाचतो ते त्याच्याच नावावरून. पण घरात मात्र सगळं बिनसत होतं. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोन टायफॉइडने. 1868 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी पक्षाघात झाला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. रेबीजवरचं काम त्यांनी 1880 मध्ये सुरू केलं ते या अवस्थेत.

अडचण अशी की रेबीजचा जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसतच नव्हता. तो विषाणू होता आणि तेवढं बारीक बघण्याची सोय तेव्हा नव्हती. मग पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी वेगळी वाट धरली. रेबीज झालेल्या सशाच्या पाठीचा कणा, म्हणजे आतला मज्जारज्जू, ते बाटलीत टांगून सुकवत. जितके दिवस सुकेल तितकं त्यातलं विष कमी. आधी सर्वांत जुना, मग रोज थोडा ताजा, अशी मात्रा टोचत न्यायची.

हे चावल्यानंतर कसं काय चालेल? कारण रेबीज घाईत नसतो. विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि त्याला बहुतेकदा काही आठवडे किंवा महिने लागतात. तेवढ्या वेळात शरीर तयार झालं तर माणूस वाचतो.

4 जुलै 1885 ला अल्सास भागातल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेला कुत्रा चावला. अंगावर 14 जखमा होत्या. दोन दिवसांनी आई त्याला घेऊन पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या दारात उभी राहिली. पाश्चर यांना कायद्याने सुई हातात धरता येत नव्हती, त्यामुळे डॉ. ग्राँशे यांनी टोचलं. रू यांना हे घाईचं वाटत होतं आणि ते दूर राहिले. त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. पाश्चर यांच्या वह्या पुढे अभ्यासकांनी वाचल्या, तेव्हा नेमक्या या पद्धतीचे कुत्र्यांवरचे प्रयोग पुरते झालेच नव्हते असं दिसलं. दहा दिवसांत 13 मात्रा झाल्या. जोसेफ वाचला.

ऑक्टोबरमध्ये झ्याँ-बाप्तिस्त ज्युपिल हा पंधरा वर्षांचा मेंढपाळ आला. पिसाळलेला कुत्रा पाहून बरोबरची लहान मुलं ओरडत पळाली, आणि हा मात्र मध्ये उभा राहून कुत्र्याशी झुंजला. (आज तज्ज्ञ सांगतात, अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नका, ओरडू नका, डोळ्यांत डोळे घालू नका. हात अंगालगत ठेवून शांत उभे राहा. झुंजायला मात्र कुणी सांगत नाही.) तोही वाचला.

दहा वर्षांची लुईझ पेलेतिए वाचली नाही. डोक्याला चावा, आणि तिला आणलं 37 दिवसांनी. उशीर झालाय हे पाश्चर यांना कळत होतं, ती गेली तर विरोधकांना आयतं कोलीत मिळणार हेही कळत होतं. तरी त्यांनी नकार दिला नाही. ती गेली तेव्हा ते तिच्या उशाशी होते.

आजही गणित तेच आहे. लक्षणं दिसली की रुग्ण जवळपास नेहमीच दगावतो. म्हणून चावा किंवा नख लागल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त निघालेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं.

आणि ती चौदा इंजेक्शनं? ती लस पाश्चर यांच्या पद्धतीची भारतीय नातेवाईक. कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी 1911 च्या सुमारास ती तयार केली आणि पुढे मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ही लस भारतात 2004 पर्यंत चालली. आता दंडावर चार-पाच टोचण्यांत काम भागतं.

पाश्चर 28 सप्टेंबर 1895 ला गेले. जागतिक रेबीज दिन त्याच तारखेला असतो. पॅरिसमधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच त्यांची समाधी आहे. मोठेपणी जोसेफ माइस्टर त्याच संस्थेत द्वारपाल होता, आणि आवारात कुत्र्याशी झुंजणाऱ्या ज्युपिलचा पुतळा आहे.