कै. वासुदेवशास्त्री खरे

वासुदेवशास्त्री खरे यांचे नाव जुन्या नाट्यरसिकांस 'गुणोत्कर्ष', 'शिवसंभव' इत्यादी नाटकांमुळे परिचित आहे. परंतु आमच्या किर्लोस्करवाडीहून आगगाडीत बसले असता थोड्याच अवकाशात जे मिरज शहर लागते, तेथे या संस्कृतच्या शिक्षकाने केलेल्या कार्यापुढे ती नाटके मला तरी गौण वाटतात.

शास्त्रीबोवांचा जन्म १८५८ साली कोकणात गुहागर येथे झाला. पुढे ते मिरजेच्या हायस्कुलात अध्यापक झाले. त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ साहेबाचा १८२६ सालचा ग्रंथ, नाहीतर बखरी. बखर वाचावयास गोड खरी, पण पुष्कळदा ती प्रसंगानंतर एकदोन पिढ्यांनी ऐकीव माहितीवर रचलेली असते. इकडे पटवर्धन सरदारांच्या दप्तरांत मात्र प्रत्यक्ष छावणीतून लिहिलेली मोडी पत्रे रुमालांत बांधून पडली होती. वाळवीने ती खाल्ली असती, तर तो काळ स्वमुखाने बोलावयाचा कायमचा राहिला असता.

शास्त्रीबोवांनी ते रुमाल सोडले. शाळा सांभाळून पत्रे वाचली, निवडली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापण्यास आरंभ केला. त्याचे बारा खंड त्यांनी सिद्ध केले. काम किचकट होते. पत्राखाली बहुधा चंद्र व महिना असे, साल नसे; ते आतील मजकुरावरून ठरवावे लागे. एक साल चुकले की कार्य आधी आणि कारण मागाहून!

शिवाय समक्ष पाहणारा लिहितो म्हणून सर्वच सत्य, असेही नव्हे. १७९५ साली खर्ड्याच्या मोहिमेत तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन सेनेचे धुरीण होते. अशा धन्यास लिहिणारा कारकून त्याला रुचेल तेच आधी लिहिणार. म्हणून एक पत्र दुसऱ्याशी ताडून पाहणे भाग पडते. संत लूकानेही प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या वृत्तांताचा मुळापासून शोध करून मगच लेखणी उचलली होती.

या खंडांत शास्त्रीबोवांनी स्वतः जुळविलेली हकीकत दिली आणि तिच्यासोबत मूळ पत्रे छापली. हकीकत त्यांची, पत्रे त्या काळची. शास्त्रीबोवांचे अनुमान ज्याला पटत नाही, त्याने पाने उलटावी व स्वतः निवाडा करावा, एवढी मोकळीक त्यांनी वाचकास ठेविली आहे. मला त्यांचा हा गुण सर्वांत थोर वाटतो.

१९२४ साली ते निवर्तले. मोडीचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यासही ती पत्रे आज बालबोध अक्षरांत वाचता येतात.