पॅट्रिक गेडेस : आधी पाहणी, मग आराखडा

प्रास्ताविक

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर यांपैकी कोणत्याही स्थानकावर उतरून तुम्ही बाहेर पडलात, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते : स्थानकाजवळची वस्ती सर्वांत दाट असते. या पट्ट्यात आणखी किती घरे बांधू द्यावीत आणि जुन्या इमारतींचे काय करावे, हा नगरनियोजनातील कळीचा प्रश्न आहे. दाट वस्तीकडे कसे पाहावे, याचा पद्धतशीर विचार भारतात मांडणारे आद्य अभ्यासक म्हणजे पॅट्रिक गेडेस. त्यांच्या चरित्राचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

जडणघडण

गेडेस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. योगायोग असा, की मुंबईची आगगाडी ठाण्यापुढे कल्याणपर्यंत पोहोचली तीही त्याच वर्षी. शिक्षणाने ते जीवशास्त्रज्ञ होते. लंडनमध्ये त्यांनी टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली अध्ययन केले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरील काम पूर्वीसारखे करणे शक्य राहिले नाही. सजीव आणि त्याचा परिसर यांचे नाते शोधणारे त्यांचे मन हळूहळू माणूस आणि त्याचे शहर यांच्या अभ्यासाकडे वळले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट येथे राहावयास गेले. सुखवस्तू लोकांनी सोडून दिलेली, उंच व कोंदट इमारतींची ही वस्ती होती. तेथे शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी सफाई केली, भिंती रंगवल्या, मोकळ्या तुकड्यांत झाडे लावली. वस्ती न पाडताही ती राहण्याजोगी करता येते, हा धडा त्यांना येथे मिळाला.

भारतातील कार्य

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडेस भारतात आले. नगररचनेवरील त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे व चित्रे समुद्रात गेली. गेडेस यांनी मित्रांच्या साहाय्याने नवे प्रदर्शन उभे केले. १९१५ मध्येच मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला आणि इलाख्यातील सहा शहरांविषयी गेडेस यांनी अहवाल लिहिले.

त्यांच्या कामाची रीत तुम्ही नीट समजून घ्यावी. त्या काळचे अभियंते नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढीत आणि रेघेत येणारी घरे पाडीत. गेडेस आधी गल्लीबोळ पायी पालथे घालीत. कोणते घर पडीक आहे, विहीर, झाड, देऊळ कोठे आहे, हे पाहत. मग एखादे पडके घर काढून चौक मोकळा करावा, वाट थोडी वळवावी, बाकीची घरे राखावीत, असे सुचवीत. या पद्धतीला त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. सरसकट पाडकामाने माणसे नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या वस्तीत अधिक दाटीने राहू लागतात, हे त्यांचे निरीक्षण होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठोर ठरले. थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समधील रणभूमीवर पडला. भारतात आजारी असलेल्या पत्नीला त्यांनी ही वार्ता कळू दिली नाही, आणि थोड्याच आठवड्यांत त्याही गेल्या. या दुःखातही त्यांनी होळकरांच्या इंदूरचे काम हाती घेतले. तेथे प्लेगची दहशत होती. गेडेस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरील लोक घरे झाडूनपुसून दुरुस्त करतील, तेथून ती जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि स्वच्छ पोशाखातील सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे दहन झाले. इंदूरचा त्यांचा द्विखंडात्मक अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ मध्ये गेडेस फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

उल्हास खोऱ्यातील आजचा प्रश्न

डोंगरापासून समुद्रापर्यंतचे नदीचे खोरे एकत्र पाहावे, असे गेडेस शिकवीत. उल्हास नदीचे खोरे त्याचे उत्तम उदाहरण होय. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी बदलापुराजवळून वाहते आणि वसईच्या खाडीस मिळते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ मध्ये या वसाहतीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. कुटुंबे वाढली, बराकींच्या जागी परवानगीशिवाय इमारती चढल्या. २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही मे २०२१ मध्ये येथे स्लॅब कोसळून राहत्या घरात माणसे मृत्युमुखी पडली.

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल, ते चटईक्षेत्र निर्देशांक ठरवतो. आणि त्याची मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी जोडलेली आहे. ज्या वस्तीत मुळात बोळच आहेत, तेथे या नियमाचा अर्थ काय होतो, याचा विचार तुम्ही करावा. रुंद रस्त्यावरील भूखंडाला उंची मिळते. बोळातील धोकादायक इमारतीतील कुटुंब मात्र अडकून राहते. रस्ता रुंद करावा, तर शेजारचे घर जाते.

गेडेस उंच इमारतींचे पुरस्कर्ते नव्हते, आणि त्यांचे अनेक आराखडे कागदावरच राहिले. त्यामुळे त्यांची उत्तरे जशीच्या तशी येथे बसणार नाहीत. त्यांचा क्रम मात्र आजही उपयोगी आहे. कोणती इमारत खरोखर धोकादायक आहे, पाणी व सांडपाणी किती घरांना पुरेल, पूररेषा कोठून जाते, आणि घर रिकामे करणारे कुटुंब तोवर कोठे राहील, हे आधी पाहावे. निर्देशांकाचा आकडा नंतर ठरवावा.

सारांश

दाट वस्ती हा गेडेस यांच्या लेखी केवळ नकाशावरील दोष नव्हता. तेथे माणसांचे व्यवसाय, शेजार आणि श्रद्धास्थाने गुंतलेली असतात. म्हणून नियोजकाने आधी पाहावे, मग आखावे, हे त्यांच्या जीवनकार्याचे सार होय.

स्वाध्याय

१. जेम्स कोर्ट आणि इंदूर येथील कार्यांत कोणते साम्य दिसते?
२. सरसकट पाडकामास गेडेस यांचा विरोध का होता?
३. तुमच्या गावातील स्थानकाजवळची किंवा बाजारपेठेजवळची एक गल्ली पायी पाहा आणि तिचे वर्णन दहा ओळींत लिहा.