शुक्राणूंच्या धात्रीचा शोधक
उत्तर इटलीतील सोंद्रियो येथे १८४२ मध्ये जन्मलेल्या एन्रिको सेर्तोली यांनी पाविया येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. मानवी वृषणातील नलिका सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळताना त्यांना फांद्या फुटल्यासारख्या पेशी आढळल्या. शुक्राणूंच्या जडणघडणीशी त्यांचा संबंध असावा, हा तर्क त्यांनी १८६५ मध्ये मांडला. तेव्हा त्यांनी विशी नुकतीच ओलांडली होती! पुढे या पेशींना त्यांचेच नाव मिळाले. मिलानच्या पशुवैद्यक विद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या तर्काची जनुकीय कसोटी लागली ती २००४ मध्ये, उंदरांवर. जननपेशींना हात न लावता केवळ सेर्तोली पेशींमधील पुरुषी संप्रेरकाचे ग्राहक प्रथिन शास्त्रज्ञांनी नाहीसे केले. जननपेशींचे अर्धसूत्री विभाजन मध्येच खुंटले आणि शुक्राणू तयारच झाले नाहीत.