फादर स्टीफन्स

इ. स. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात, पावसाळा संपून मांडवी नदीचे पाणी निवळू लागले असताना, लिस्बनहून निघालेली पोर्तुगीज गलबते गोव्याच्या बंदरास लागली. त्यांतील एका गलबतावरून सुमारे तीस वर्षांचा एक इंग्रज तरुण खाली उतरला. त्याच्याजवळ व्यापाराचा माल नव्हता, की कमरेला तलवार नव्हती. अंगावर काळा झगा आणि हाती प्रार्थनेचे पुस्तक एवढाच त्याचा संभार होता. पुढील चाळीस वर्षे हा तरुण गोव्यातच राहिला, तेथेच वृद्ध झाला आणि त्याच मातीत त्याचा देह पडला. मायदेशाचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. मराठी माणूस मात्र त्याला ओळखतो तो क्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन नावाच्या खेड्यात, १५४९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्या काळी युरोपात ख्रिस्ती धर्मात मोठी फूट पडली होती. रोमच्या पोपला धर्मगुरू मानणारे ते कॅथलिक आणि त्यांची सत्ता झुगारून देणारे ते प्रॉटेस्टंट, असे दोन पक्ष पडले होते. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी प्रॉटेस्टंट पक्ष धरला. कॅथलिक पंथाने उपासना करणे हा तेथे गुन्हा ठरला. स्टीफन्स कॅथलिक होते. आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करावयाची तर ती दार लावून करावी लागे.

थॉमस पाउंड नावाच्या एका सधन गृहस्थाशी त्यांची मैत्री जडली. दोघांच्याही मनाने एकच ध्यास घेतला होता. रोमला जावे, आणि धर्मप्रसारासाठी जगभर फिरणाऱ्या जेसुइट संघात सामील व्हावे. संशय येऊ नये म्हणून पाउंड धनी आणि स्टीफन्स त्यांचे नोकर, अशा वेषात ते दोघे हिंडत. पण बेत सिद्धीस जाण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. ऑक्टोबर १५७५ मध्ये रोम येथे त्यांना जेसुइट संघात प्रवेश मिळाला. तेथे ते आपल्या मित्राला विसरले नाहीत. त्यांनी खटपट करून, तुरुंगात असलेल्या पाउंड यांनाही पत्राद्वारे संघात दाखल करून घेतले.

रोममधील अभ्यासानंतर त्यांना हिंदुस्थानात जाण्याची आज्ञा झाली. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेला हा प्रवास सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून यावे लागे. विषुववृत्तापाशी वारा पडला म्हणजे गलबते दिवसचे दिवस एका जागी खिळून राहत. ताजी भाजी व फळे न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत आणि माणसे अंथरुणास खिळत. स्टीफन्स यांच्या गलबतावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. त्या काळच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, यावरून सागरी प्रवास कसा असे याची कल्पना येईल. गोव्यास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना एक विस्तृत पत्र लिहिले. वाटेत दिसलेले पक्षी, शार्क मासे, ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याच्या रीती, सारे काही त्यात आले आहे. पुढे ते पत्र इंग्लंडमध्ये प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले.

गोव्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक दक्षिणेकडील साष्टी प्रांतात झाली. लोक त्यांना पाद्रे एस्तेव्हांव म्हणू लागले. साष्टीची त्या वेळची स्थिती समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मर्म कळणार नाही. पोर्तुगिजांनी १५६७ च्या सुमारास या प्रांतातील शेकडो देवळे पाडली होती. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला भक्तांनी नदीपलीकडे, आदिलशाहीच्या मुलखात नेली. कित्येक कुटुंबे घरदार सोडून गेली. जी मागे राहिली, त्यांतील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कोणी श्रद्धेने, कोणी भयाने, तर कोणी वतनाच्या लोभाने. राज्याचे बळ धर्माच्या पाठीशी उभे राहिले म्हणजे श्रद्धा कोणती आणि सक्ती कोणती हे ओळखणे कठीण होते. ज्यांना स्वतःच्या देशात श्रद्धेपायी लपून राहावे लागले होते, ते स्टीफन्स आता श्रद्धेच्या नावाने सक्ती करणाऱ्या सत्तेच्या छायेत काम करीत होते, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे.

या सक्तीचा भडका १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी उडाला. पूर्वी अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेसुइट सोबती चर्चसाठी जागा पाहावयास तेथे गेले होते. देवळे पाडल्यामुळे गावकरी आधीच संतापलेले होते. त्यांनी या मंडळींवर हल्ला केला. पाचही जेसुइट आणि त्यांच्याबरोबरचे काही लोक मारले गेले व त्यांचे देह विहिरीत टाकण्यात आले. ते देह मिळवून त्यांचे दफन करण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांनी केले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी यावर घेतलेला सूड तितकाच भयंकर होता. कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून विश्वासघाताने ठार करण्यात आले.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझहून पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. ते परपंथीय होते, परंतु देशबांधव होते. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांच्यासाठी जामीन मिळवला व त्यांची सुटका करविली. पुढे फिच हिंदुस्थानभर व ब्रह्मदेशापर्यंत फिरून १५९१ मध्ये इंग्लंडला परतला.

साष्टीत स्टीफन्स यांचा दिवस चर्चच्या घंटेबरोबर सुरू होई. रविवारी मिस्सा, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करून भाकर व द्राक्षरस अर्पण करण्याची उपासना, होत असे. बालकांना बाप्तिस्मा द्यावयाचा, विवाह लावावयाचे, मृतांना मूठमाती द्यावयाची, आजाऱ्यांच्या उशाशी बसावयाचे, ही धर्मगुरूची नित्याची कामे. रविवारी मुलांना जमवून धर्माची मूलतत्त्वे शिकविण्यात येत. एकच देव आहे व त्याने सृष्टी निर्माण केली. मनुष्य पापात पडला. त्याच्या उद्धारासाठी देवाचा पुत्र येशू मानवरूपाने जन्मला, क्रूसावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला. या श्रद्धेवर सारा ख्रिस्ती धर्म उभा आहे. मुले प्रार्थना आणि दहा आज्ञा घोकून पाठ म्हणत. पण पाठांतर म्हणजे समज नव्हे, हे जाणत्या शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

क्रिस्तपुराणाच्या आरंभी असाच एक प्रसंग वर्णिला आहे. मुलांची शिकवणी चालू असता, नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीगुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात तक्रार होती आणि भूकही होती. ज्या समाजाच्या संध्याकाळी पुराणश्रवणात जात, त्याच्या कानांना चार आज्ञांची घोकंपट्टी कशी पुरावी? इंग्लंडमधून आलेल्या या माणसाला तो प्रश्न रास्त वाटला, यातच त्याचा मोठेपणा आहे.

उत्तर देण्यास मात्र आधी भाषा हवी होती. स्टीफन्स यांनी लोकांची बोली कोकणी आणि पुराणांची भाषा मराठी, या दोन्हींचा कसून अभ्यास केला. येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळविले होते. संस्कृत आणि युरोपीय भाषा एकाच कुळातील आहेत हा सिद्धांत विद्वानांनी मांडला, तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

मग त्यांनी ओवी हाती घेतली. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ जिच्यात सांगितला आणि स्टीफन्स यांचे समकालीन असलेल्या एकनाथांनी जिच्यात भागवत सांगितले, तीच ही ओवी. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. सर्व मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या भरतात. ग्रंथाच्या अध्यायांना त्यांनी अवस्वरू असे नाव दिले. शुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही म्हणून मधूनमधून कोकणी शब्द पेरले. चर्चमधील विधींची नावे पोर्तुगीज ठेवली. स्वर्गासाठी मात्र वैकुंठ हाच शब्द घेतला. श्रोत्यांच्या मनात जो शब्द आधीच घर करून होता, तो काढून टाकण्याऐवजी त्यांनी त्यात नवा अर्थ भरला. ग्रंथारंभी मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या काही ओव्या आहेत. फुले, सुगंध, पक्षी, रत्ने अशा एकेकातले उत्तम निवडून ते मराठीला त्याची उपमा देतात. परक्या माणसाने आपल्या भाषेवर इतके प्रेम केलेले पाहून वाचक आजही हरखून जातो.

ग्रंथ छापण्याची वेळ आली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. परंतु देवनागरी अक्षरांचे खिळे कोठेच नव्हते. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला संघाच्या प्रमुखांकडे पत्र पाठविले. हे प्रमुख म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे चुलते होत. देशी लिपीत पुस्तके छापावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, असे त्यांनी त्यात कळविले. युरोपात चोवीस अक्षरांच्या साच्यांनी भागते, पण येथे प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी जोडली की नवे रूप होते, त्यामुळे सहाशे साचे लागतील. मात्र युक्तीने ही संख्या दोनशेंवर आणता येईल, असा हिशेबही त्यांनी मांडला. मलबारकडे तमिळ अक्षरांत पुस्तके १५७८ पासून छापली जात होती, तेव्हा ही मागणी अशक्य कोटीतील नव्हती. परंतु ते खिळे काही तयार झाले नाहीत. अखेर १६१६ मध्ये राशोल येथे क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापून निघाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, सुमारे सत्तराव्या वर्षी स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने धर्मतत्त्वे सांगणारे त्यांचे कोकणी पुस्तक १६२२ मध्ये, आणि त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण समजले जाते.

क्रिस्तपुराण गोव्यातील चर्चमधून रविवारी व सणावारी मिस्सेनंतर मोठ्याने वाचले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी. घराघरांतील भाषा अशा फर्मानाने मरत नसते, आणि ती मेलीही नाही; पण देशी भाषेतील ग्रंथांचा राजाश्रय तुटला. क्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने लिहून काढलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून जी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस मंगळूरकडे जाऊन राहिली, त्यांनी या पोथ्या जपल्या व त्यांतील ओव्या म्हणण्याचा प्रघात चालू ठेवला. अशा पोथ्यांवरून १९०७ मध्ये जोसेफ साल्डाना यांनी मंगळूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत पुन्हा छापला. पुढे लंडनमधील एका संग्रहात देवनागरी अक्षरांत लिहिलेली क्रिस्तपुराणाची हस्तलिखित प्रत असल्याचे, मराठी संतांचे अभ्यासक असलेल्या जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने उजेडात आणले. छापील देवनागरी आवृत्ती मात्र १९५६ मध्ये पुण्यात निघाली. ती शांताराम बंडेलू यांनी संपादित केली. ज्या अक्षरांसाठी स्टीफन्स यांनी रोमला पत्र पाठविले होते, त्या अक्षरांत त्यांचे पुराण छापले जावयास तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे लागली.