पंखांच्या टोकाशी दडलेले शास्त्र

कोणत्याही व्यवहारात खर्ची पडलेली सारी शक्ती फळाला येत नाही. काही वाया जातेच. उड्डाणात ही गळती नेमकी कोठे होते, हे राइट बंधूंचे विमान १९०३ साली झेपावण्यापूर्वीच ज्याने ताडले, तो इंग्रज अभियंता म्हणजे फ्रेडरिक लँचेस्टर.

१८६८ साली लंडनमध्ये जन्मलेल्या लँचेस्टरचा व्यवसाय मोटारी बनविण्याचा. मन मात्र पक्ष्यांच्या मागे. घराच्या खिडकीतून लहान ग्लायडर सोडून तो त्यांचे तरंगणे न्याहाळीत असे. पंखाखाली हवेचा दाब अधिक, वर कमी. साहजिकच टोकाशी खालची हवा वळसा घालून वर धाव घेते आणि मागे भोवरे उठतात. या भोवऱ्यांना लागणारी शक्ती अखेर इंजिनाकडूनच वसूल होते. छोटे विमान मंद वेगाने वर चढत असता हा भुर्दंड विशेष जाणवतो. पंख लांब केला तर तो घटतो. पण वजन वाढते. म्हणूनच टोकाच्या आकाराला महत्त्व. टोकांना उभ्या पट्ट्या बसवून गळती रोखण्याची कल्पना लँचेस्टरने १८९७ च्या आपल्या पेटंटात मांडली.

त्याच वर्षी त्याचा उड्डाणविषयक निबंध लंडनच्या फिजिकल सोसायटीने नाकारला. पुढे १९०७ साली त्याचा ग्रंथ निघाला, तोही दुर्बोध ठरला. स्वतःच घडविलेल्या परिभाषेचा त्याला सोस होता, हेही खरे. याच विचाराला गणिताची बैठक दिली ती जर्मनीतील लुडविग प्रांट्ल याने, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. आणि जगाने तो स्वीकारला. लँचेस्टरला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९२२ साली लाभले. उतारवयात आजारपण आणि पैशाची ओढाताण सोशीत १९४६ साली तो निवर्तला. टोकाशी वर वळलेले पंख १९७० नंतर अमेरिकेत रिचर्ड व्हिटकोम्ब याच्या संशोधनाने पुन्हा पुढे आले. आज ते अनेक विमानांवर दिसतात.

निबंध परत आला त्यात हानी केवळ एका व्यक्तीची झाली काय? पंखाच्या टोकाशी होणारी गळती यंत्रज्ञ मोजू शकतो. उपेक्षित विचारांतून होणारी समाजाची गळती मात्र कोणत्याही ताळेबंदात उमटत नाही. आपल्या विद्यापीठांनी आणि परीक्षकांनीही, एखादे अपरिचित टिपण बाजूला सारण्यापूर्वी, या माणसाचे स्मरण ठेवावे.