आकाश मराठीत शिकविणारे गुरुजी : शंकर बाळकृष्ण दीक्षित

दिवाळी सरली की भोरच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत आणि वेल्ह्यात तोरणा-राजगडाच्या पायथ्याशी रात्री स्वच्छ होतात. पावसाळ्यातील ढग गेलेले असतात. पुण्याच्या दिव्यांचा झगमगाट डोंगरांच्या पलीकडे राहतो आणि शहरातील मुलांना सहसा न दिसणारे तारेही येथे सहज दिसतात. अशा ठिकाणच्या शाळेत एखाद्या शिक्षकाने सूर्यमालेबाहेरील ग्रहांचा विषय काढला, तर मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिथे कोणी राहते का? त्यामागे आणखी एक प्रश्न असतो. तो मुले सहसा विचारीत नाहीत. एवढे मोठे शास्त्र आमच्यासारख्यांसाठी, आमच्या भाषेत, आमच्या शाळेत आहे का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी शाळामास्तरांनी आपल्या आयुष्याने दिले. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील मुरूड या गावी झाला. गावातील मराठी शाळेत शिक्षण घेऊन ते पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ती संस्था होती. तेथील अभ्यासक्रम पुरा करून १८७४ साली ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांना विद्यापीठाची पदवी मिळाली नाही. कोणत्याही वेधशाळेत त्यांनी नोकरी केली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेर पुणे असा त्यांचा प्रवास शाळाखात्याच्या बदल्यांबरोबर झाला. दिवसा वर्ग, रात्री आकाश आणि मधल्या वेळात गणित, असे त्यांचे जीवन होते.

शिकविता शिकविता ते लिहू लागले. १८७६ साली त्यांचे विद्यार्थिबुद्धिवर्धिनी हे पुस्तक आले आणि १८८२ साली सृष्टीतील चमत्कारांवरील पुस्तक. ठाण्यास असताना जनार्दन बाळाजी मोडक यांचा सहवास लाभला आणि विसाजी रघुनाथ लेले यांच्या सायन पंचांगाच्या चळवळीने त्यांचे लक्ष वेधून घेतले. तेव्हापासून ज्योतिषशास्त्राचे गणित हा त्यांचा ध्यास झाला.

हा वाद आज दूरचा वाटेल, पण तो समजून घेण्यासारखा आहे. आपण मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास साजरी करतो. सूर्य मात्र उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश डोलतो, त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांनी पुरी होते, आणि म्हणून ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष व ऋतूंवरून मोजलेले वर्ष हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, असे सायनवाद्यांचे म्हणणे होते. सण-उत्सवांच्या तिथ्यांना हात घालणारे हे मत लोकांना रुचणारे नव्हते. दीक्षितांनी ते स्वीकारले. डोळ्यांना जे दिसते आणि गणिताने जे सिद्ध होते, ते परंपरेला गैरसोयीचे असले तरी सांगितले पाहिजे, ही वृत्ती त्यांच्या सर्व लेखनात आढळते.

बार्शीच्या शाळेत असताना त्यांच्या गणिताची कीर्ती दूरवर पोहोचली. जॉन फेथफुल फ्लीट हे गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करीत होते. शिलालेखातील तिथी आणि वार प्रत्यक्षात कोणत्या दिवशी जुळतात, हे तपासल्याशिवाय गुप्त संवताचा आरंभ निश्चित होत नव्हता. ते किचकट गणित दीक्षितांनी करून दिले. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लीट यांच्या ग्रंथात या गणिताचा आधार घेतला आहे. पुढे १८९६ साली रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तालुक्याच्या गावातील शिक्षकावर देशाच्या इतिहासाची कालगणना विसंबून होती, ही गोष्ट आजच्या प्रत्येक खेड्यातील शिक्षकाने अभिमानाने आठवावी.

तरीही दीक्षितांनी आपली मुख्य शक्ती मराठी वाचकासाठी खर्च केली. धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये भावी शिक्षकांना शिकवीत असताना, १८९२ साली, त्यांचे ज्योतिर्विलास हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रात्री घटका-दोन घटका आकाश पाहून आनंद घ्यावा, हा त्याचा हेतू पुस्तकाच्या नावातच सांगितलेला आहे. सामान्य माणसाने अंगणात उभे राहून तारे ओळखावेत, त्यांच्या गती समजून घ्याव्यात, यासाठी ते लिहिलेले होते.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ भारतीय ज्योतिषशास्त्र हा होय. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागविला होता. त्या निमित्ताने आरंभलेले काम वाढत गेले. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ज्योतिषाचा हा इतिहास १८९६ साली पुण्यात छापला गेला. पाचशेहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. विद्वानांना तो वाचता यावा म्हणून पुढे त्याचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद करावे लागले.

त्यांच्या संशोधनातील एक उदाहरण भोर-वेल्ह्याच्या मुलांना स्वतः करून पाहता येईल. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. दीक्षितांनी विचार केला, की हे पाहून लिहिले असेल तर कृत्तिका त्या काळी अगदी पूर्वेला उगवत असल्या पाहिजेत. अक्षाच्या डोलण्याचे गणित मांडून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. या कालनिर्णयावर पुढे पुष्कळ वाद झाले, परंतु पद्धत कोणालाही तपासता येईल इतकी स्वच्छ होती. आज कार्तिकात, सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने, शाळेच्या पटांगणातून होकायंत्र घेऊन पाहिले, तर कृत्तिकांचा पुंजका ठीक पूर्वेला न उगवता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो असे दिसेल. त्या पुंजक्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षे लागतात. आज दिसणारे ते किरण निघाले तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता.

दीक्षितांच्या हयातीत युरोपातही आकाशाचे शास्त्र नवे वळण घेत होते. रोममध्ये येशूसंघीय धर्मगुरू फादर आंजेलो सेक्की यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट पाहून हजारो ताऱ्यांचे वर्गीकरण केले. त्या विशाल विश्वात इतरत्र जीवसृष्टी असू शकेल, हा विचार त्यांना श्रद्धेविरुद्ध वाटला नाही. १८७८ साली त्यांचे निधन झाले. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी व्हॅटिकन वेधशाळेची पुनर्स्थापना केली. पुण्यातही कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभारलेल्या वेधशाळेत वर्णपटांचे काम चालत असे. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ ते पाहण्यासाठी येथे आले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक असताना दीक्षितांचे निधन झाले. वय अवघे ४४ वर्षे होते.

वर्णपटाच्या याच विद्येने पुढे दूरचे ग्रह सापडले. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढे-मागे हलतो आणि त्याचा वर्णपट किंचित सरकतो, यावरून हा ग्रह कळला. त्याचे वर्ष आपल्या सव्वाचार दिवसांचे आहे. या शोधाबद्दल दोघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा तारा पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांना लागूनच आहे. दीक्षितांच्या वाचकाला ते नक्षत्र आधीच ठाऊक होते. काळोख्या रात्री तीक्ष्ण नजरेला तो ताराही दिसू शकतो.

२०२५ साली अशा निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या ६००० च्या पुढे गेली. काही ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याचा प्रकाश अल्पसा कमी करतात, त्यावरून ओळखले जातात. वर्गात दिव्यासमोरून चेंडू फिरवून हे दाखविता येते. मात्र मुलांना प्रमाणही सांगावे : गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर प्रकाश सुमारे शंभरात एक भाग कमी होतो, पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांत एक भागही नाही. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला बिभा आणि त्याच्या ग्रहाला संतमस ही नावे मिळाली. आपल्या भाषांतील शब्द आता त्या नकाशावर आहेत.

मग तिथे कोणी राहते का? आजवर पृथ्वीबाहेर कोठेही जीवसृष्टी सापडलेली नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने या विषयावर अभ्यास-सप्ताह भरविला होता, कारण शोधाची भीती बाळगण्याचे कारण श्रद्धेला नाही. शिक्षकाने मुलांना हो किंवा नाही असे घाईने सांगू नये. काय मोजले, कसे मोजले आणि काय अजून कळलेले नाही, एवढे प्रामाणिकपणे सांगावे. दीक्षित गुरुजींची रीत हीच होती.

महागडी दुर्बीण नाही, इंग्रजी पुस्तके नाहीत, म्हणून कोणत्याही गावातील शिक्षकाने मागे राहू नये. यंदाच्या कार्तिकात एका संध्याकाळी मुलांना पटांगणात न्यावे, होकायंत्र हाती द्यावे आणि कृत्तिका कोठे उगवतात ते त्यांना वहीत टिपून ठेवायला सांगावे. तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या मुलीचे ते पहिले निरीक्षण असेल. मुरूडच्या शाळेतून निघालेल्या शंकरनेही आरंभ असाच, आकाशाकडे नीट पाहण्यापासून केला असेल.